न पारखलेला रनिंग बॅक संघात घेताना नेमके काय पाहावे? (डेन्व्हर ब्रॉन्कोजच्या निमित्ताने)

मैल_उंच (डेन्व्हर)

नमस्कार मंडळी. इथे अमेरिकन फुटबॉल पाहणारे थोडे आहेत, पण जे आहेत ते मनापासून पाहतात, म्हणून हा विषय मांडतो आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये ड्राफ्ट (संघांनी आळीपाळीने सात फेऱ्यांत महाविद्यालयीन खेळाडू निवडण्याची प्रक्रिया) संपला की मागे उरलेल्या मुलांपैकी एखाद्या रनिंग बॅकला, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळणाऱ्या खेळाडूला, आमचा डेन्व्हर ब्रॉन्कोज संघ करारबद्ध करतो आणि आमच्या मित्रमंडळींत त्याच वादाला पुन्हा तोंड फुटते. काही जण म्हणतात की मुलगा जवळजवळ फुकटात मिळाला आहे, चालला तर चालला, नाही तर संघाचे काय बिघडले? बाकीचे त्याच्या महाविद्यालयातील यार्डांचा (चेंडू घेऊन कापलेल्या अंतराचा) आकडा पुढे करून त्याला उद्याचा तारा ठरवून मोकळे होतात. मला दोघांचेही चुकते असे वाटते, आणि ते का, हे सांगण्यासाठी टेरेल डेव्हिसपासून सुरुवात करावी लागेल.

डेव्हिस सॅन दिएगोचा. आधी तो लाँग बीच स्टेटमध्ये शिकत होता, पण १९९१ च्या मोसमानंतर तिथला फुटबॉल संघच बंद झाला. मग तो जॉर्जिया विद्यापीठात गेला. तिथे त्याच्या पुढे गॅरिसन हर्स्ट उभा होता, आणि पुढे स्वतःची पाळी आली तेव्हा मांडीच्या मागच्या स्नायूने दगा दिला. शेवटच्या वर्षी त्याच्या नावावर जेमतेम ४४५ यार्ड लागले. १९९५ च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत, १९६ व्या क्रमांकावर, ब्रॉन्कोजने त्याला घेतले. प्रशिक्षक माइक शानाहान यांचे ते डेन्व्हरमधील पहिलेच वर्ष होते. सराव शिबिरात रनिंग बॅकच्या यादीत डेव्हिस सहावा होता, म्हणजे संघात राहण्याची आशा जवळजवळ नव्हतीच.

ऑगस्टमध्ये टोकियो डोममध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सविरुद्ध मोसमपूर्व सामना झाला. त्याआधी डेव्हिस इतका खचला होता की सगळे सोडून घरी परतण्याचा विचार त्याने केला होता, हे त्याने पुढे स्वतःच अनेकदा सांगितले आहे. त्या सामन्यात त्याला किकऑफ अडवणाऱ्या तुकडीत उतरवले गेले. या तुकडीचे काम असे की आपल्या संघाने चेंडू लाथाडला की अख्ख्या मैदानातून पूर्ण वेगाने धावत जायचे आणि तो झेलून परत पळणाऱ्याला पाडायचे. डेव्हिसने समोरच्या खेळाडूला असा काही आडवा केला की बाकावर बसलेले सगळे उठून उभे राहिले. पुढच्या महिन्यात मोसमाच्या पहिल्या सामन्यात तो मुख्य रनिंग बॅक म्हणून मैदानात होता, आणि त्या वर्षी त्याने १,११७ यार्ड काढले.

लक्षात घ्या, त्याचे नशीब फिरले तेव्हा चेंडू त्याच्या हातात नव्हता. माझे म्हणणे एवढेच आहे की न पारखलेला रनिंग बॅक घेताना चेंडू हातात नसताना तो काय करतो हेच पाहावे, कारण हातात चेंडू असताना तो काय करेल हे पुष्कळसे इतरांवर अवलंबून असते. तुम्हाला काय वाटते?

नवा_भिडू (पुणे)

धागा आवडला. मी गेली तीन वर्षेच हा खेळ पाहतो आहे आणि तोही पहाटे उठून, म्हणून प्रश्न अगदी प्राथमिक वाटला तर सांभाळून घ्या. रनिंग बॅक या नावातच पळणे आहे. मग चेंडू नसताना त्याच्याकडे असे कोणते काम असते, की ज्यावरून त्याची परीक्षा व्हावी?

मैल_उंच (डेन्व्हर)

प्रश्न प्राथमिक मुळीच नाही, कारण स्टेडियममध्ये शेजारी बसलेल्या अर्ध्या लोकांनाही हे काम दिसत नाही.

क्वार्टरबॅक चेंडू फेकण्यासाठी मागे सरकतो तेव्हा पुढचे पाच जण त्याच्यासाठी भिंत उभी करतात. बचाव करणारा संघ कधी चार जण पाठवतो, कधी सहा. जास्तीचा लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) कुठल्या तरी फटीतून आत घुसतो त्या चालीला ब्लिट्झ म्हणतात, आणि अशा घुसणाऱ्याला अडवायचे काम बहुधा रनिंग बॅककडे येते. फेकीपूर्वीच्या दोन-तीन सेकंदांत या मुलाने ओळखायचे असते की समोरच्या दोघांपैकी खरा येणारा कोण आणि नुसता हूल देणारा कोण. त्यानंतर बहुधा स्वतःपेक्षा जड असलेल्या माणसाच्या छातीत शिरायचे असते. हे चुकले तर संघाचा सर्वांत महागडा खेळाडू पाठीवर पडतो, आणि एखाद्या वेळी संपूर्ण मोसम त्याच्याबरोबर जातो.

महाविद्यालयात हे काम तितकेसे मागितले जात नाही, कारण तिथे बहुतेक संघांना आपल्या वेगवान मुलाच्या हाती चेंडू द्यायचा असतो. त्यामुळे हजार-दीड हजार यार्ड काढलेला मुलगा व्यावसायिक शिबिरात येतो तेव्हा या एका बाबतीत तो अगदी कोरी पाटी असतो.

मी दोन उन्हाळे लेकीला घेऊन डव्ह व्हॅलीला ब्रॉन्कोजचे शिबिर पाहायला गेलो होतो. तिथे गवताच्या उतारावर बसून सराव पाहता येतो. एक कवायत अशी असते की एका बाजूला लाइनबॅकर, दुसऱ्या बाजूला रनिंग बॅक आणि मागे क्वार्टरबॅकच्या जागी एक उभी गादी. शिट्टी वाजली की एकावर एक. ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला एक ठेंगणा मुलगा पहिल्या खेपेला उताणा पडला, दुसऱ्या खेपेला पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी तो इतका खाली वाकून भिडला की धडकेचा आवाज आम्हाला उतारावर ऐकू आला आणि लाइनबॅकर जागीच थांबला. त्याच्या रांगेतल्या मोठ्या खेळाडूंनी त्याच्या हेल्मेटवर थापा मारल्या. तो मुलगा पुढे संघात राहिला नाही, म्हणून नाव देत नाही. पण त्या दिवशी त्याची कोणती परीक्षा चालू होती, हे माझ्या दहा वर्षांच्या मुलीलाही कळले होते.

चढाईबहाद्दर (सांगली)

मैलउंच साहेब, मी आयुष्यभर कबड्डी खेळलो आणि शिकवली, फुटबॉल फक्त मुलाकडे अमेरिकेला गेलो तेव्हा पाहिला. तरीही तुमचा मुद्दा पटला. आमच्याकडेही नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी सगळे त्याची चढाई पाहायला उभे राहतात. जुना वस्ताद मात्र त्याला कोपऱ्यात, साखळीत उभा करतो. हात सोडतो का, साथीदाराने पकड टाकल्यावर धावून जातो का, की नुसता पाहत राहतो, हे तो बघतो. चढाई चार महिन्यांत सुधारता येते, पण साथीदारासाठी अंग टाकायची सवय नसेल तर ती लावायला फार दिवस लागतात.

एक फरक मात्र मला जाणवतो. चढाई करणारा एकटाच जातो. समोर सात जण आणि पाठीशी फक्त मधली रेषा. त्यामुळे चढाईचे गुण मिळाले तर ते बऱ्याच अंशी त्याचे स्वतःचे असतात. पुणेरी पलटणने अस्लम इनामदारसारख्या अहमदनगर जिल्ह्यातल्या तरुण पोरावर विश्वास टाकला, तो पुढे कर्णधार झाला आणि २०२४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली संघाने प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळवले, तेव्हा त्याच्या कर्तृत्वाबद्दल कोणालाच शंका नव्हती. तुमच्या खेळात मात्र पुढचे पाच जण वाट काढून देतात. मग यार्डांचे श्रेय पोराचे किती आणि वाट काढणाऱ्यांचे किती, हे कसे ठरवायचे?

मैल_उंच (डेन्व्हर)

चढाईबहाद्दर काका, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे, कारण डेन्व्हरचा पुढचा सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

शानाहान यांच्याबरोबर पुढच्या फळीचे प्रशिक्षक म्हणून ॲलेक्स गिब्स होते. त्यांची पद्धत अशी की पाचही जण प्रत्येकी एक माणूस न धरता एकाच दिशेने, एका लयीत, आडवे सरकत जायचे. बचाव करणारेही त्यांच्याबरोबर आडवे ताणले जातात आणि कुठे तरी भेग पडते. रनिंग बॅकने त्यांच्या मागून सरकत राहायचे, भेग दिसताच एक पाय रोवायचा, दिशा बदलायची आणि सरळ घुसायचे. एकच वळण, दुसरे नाही. नाचणाऱ्याला त्या पद्धतीत जागा नव्हती. त्यासाठी गिब्स यांना जाडजूड माणसांपेक्षा हलकी, चपळ माणसे हवी असत, आणि फळीच्या मध्यभागी उभा राहणारा टॉम नेलन तर स्वतःच ड्राफ्टच्या सातव्या फेरीतला होता.

डेव्हिसने या पद्धतीत १९९६ मध्ये १,५३८, १९९७ मध्ये १,७५० आणि १९९८ मध्ये २,००८ यार्ड काढले, आणि संघाने लागोपाठ दोन सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकले. १९९९ मध्ये तो जखमी झाला तेव्हा चौथ्या फेरीतून आलेल्या ओलांडिस गॅरीने १,१५९ काढले. त्यानंतर २००० मध्ये माइक अँडरसन आला. त्याची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. शाळेत तो फुटबॉल खेळलाच नव्हता, बँडमध्ये ढोल वाजवत असे. चार वर्षे मरीन दलात नोकरी करून मग तो महाविद्यालयात शिरला, सहाव्या फेरीत १८९ व्या क्रमांकावर निवडला गेला, आणि सत्ताविसाव्या वर्षी नवख्या खेळाडूंमध्ये सर्वोत्कृष्ट ठरला. त्या मोसमात त्याने १,४८७ यार्ड काढले, त्यातले २५१ न्यू ऑर्लिन्सविरुद्ध एकाच सामन्यात. पुढे क्लिंटन पोर्टिसने पहिल्या दोन्ही मोसमांत दीड हजारांच्या वर मजल मारली, आणि तरीही २००४ मध्ये संघाने त्याला वॉशिंग्टनला देऊन त्या बदल्यात चॅम्प बेली हा बचावपटू घेतला. म्हणजे रनिंग बॅक पुन्हा घडवता येईल, पण तसा बचावपटू सहज मिळणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. बेली पुढे हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या सन्मान-दालनात) गेला, तेव्हा तो हिशेब चुकला असे म्हणता येणार नाही.

आकडेमोड (ह्यूस्टन)

मैल_उंच, आपण दिलेल्या उदाहरणांवरून मला नेमका उलटा निष्कर्ष काढावासा वाटतो. गॅरी, अँडरसन, पोर्टिस असा कोणीही आला तरी यार्ड निघत असतील, तर मुलगा पारखलेला आहे की नाही याला फारसे महत्त्वच उरत नाही. पद्धत पारखा, पोरगा कोणताही चालेल.

आमच्या ह्यूस्टनमध्येही असेच घडले. गॅरी क्युबिअक हे डेन्व्हरमधून आलेले प्रशिक्षक, त्यांनी तीच पद्धत इथे आणली, आणि काही काळ ॲलेक्स गिब्सही इथे होते. २००९ मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या एरियन फॉस्टरला सातही फेऱ्यांत कोणी घेतले नाही. तो ह्यूस्टन टेक्सन्सच्या सराव तुकडीत राहिला, मोसमाच्या उत्तरार्धात मुख्य संघात आला. २०१० च्या पहिल्याच सामन्यात त्याने इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध २३१ यार्ड आणि तीन टचडाउन (चेंडू समोरच्या अखेरच्या रेषेपलीकडे नेणे) केले, आणि त्या वर्षी १,६१६ यार्डांसह तो सगळ्या लीगमध्ये पहिला आला. मी त्या दिवशी मैदानात होतो. पहिल्या सत्रात शेजारचे लोक एकमेकांना त्याचे नाव विचारत होते आणि शेवटच्या सत्रात तेच नाव सगळे मिळून ओरडत होते.

याउलट ट्रेंट रिचर्डसन पाहा. २०१२ मध्ये क्लीव्हलँडने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले. अलाबामासारख्या संघातून आलेला, सर्व कसोट्यांवर उतरलेला. दुसऱ्या मोसमाचे दोनच सामने झाले असताना कोल्ट्सनी पहिल्या फेरीची निवड देऊन त्याला विकत घेतले, आणि त्या मोसमात कोल्ट्सकडून त्याची सरासरी एका धावेमागे तीन यार्डांच्याही आतच राहिली. पारखलेल्या मालाची ही गत असेल, तर न पारखलेल्याला कमी का लेखायचे?

मैल_उंच (डेन्व्हर)

आकडेमोड, फॉस्टरचे उदाहरण चपखल आहे, पण "पोरगा कोणताही चालेल" हे मला मान्य नाही. त्याच शिबिरांतून, त्याच पद्धतीत, डझनावारी मुले आली आणि गेली. डेव्हिसच्या वर्षी यादीत त्याच्या वर पाच जण होते, पद्धत त्यांच्यासाठीही तीच होती. शेवटी भेग पाडून देणारे पाच जण असले तरी ती दिसताच अर्ध्या सेकंदात पाय रोवायचे काम एकट्याचेच असते. रिचर्डसनचे नेमके तिथेच बिनसले असे मला त्याचे सामने पाहताना वाटायचे. तो वाट उघडायच्या आत तरी धडकायचा किंवा ती मिटल्यावर तरी पोहोचायचा. ताकद पुरेपूर होती, पण नजर आणि पाय यांचा मेळ बसत नव्हता.

निळावंती (कार्डिफ)

इथे वेल्समध्ये गेली दोन वर्षे याच विषयावर घरोघरी बोलणे चालले होते, म्हणून लिहिते. २०२४ च्या जानेवारीत, वेल्सचा सिक्स नेशन्स स्पर्धेचा संघ जाहीर व्हायचा त्याच दिवशी, बावीस वर्षांच्या लुई रीस-झॅमिटने रग्बी सोडून अमेरिकेला जात असल्याचे जाहीर केले. पुढे कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला घेतले. त्याच्यासारखा वेग आमच्या संघात दुसऱ्या कोणाकडे नव्हता, आणि चेंडू हातात घेऊन पळणे तर त्याने लहानपणापासून केले होते. तरी ऑगस्टअखेर चीफ्सने त्याला सोडले, मग तो जॅक्सनव्हिलच्या सराव तुकडीत गेला, आणि लीगचा एकही अधिकृत सामना न खेळता २०२५ मध्ये रग्बीत परतला.

मैल_उंच यांचा पहिला प्रतिसाद वाचल्यावर मला त्याच्या अडचणीचे एक कारण नीट उमगले. रग्बीत ज्याच्याकडे चेंडू नाही त्या प्रतिस्पर्ध्याला अडवणे हा गुन्हा आहे, पंच लगेच शिट्टी वाजवतात. म्हणजे पंधरा वर्षे ज्या गोष्टीसाठी शिक्षा होते म्हणून टाळायला शिकवले, तीच तिकडे गेल्यावर रनिंग बॅकचे कर्तव्य ठरते. बावीस वर्षांच्या मुलाने सहा महिन्यांत अंगात मुरलेली सवय उलटी करायची, ती पहिल्या दिवसापासून हाच खेळ खेळलेल्या मुलांच्या बरोबरीने. लोक इथे त्याला नावे ठेवतात तेव्हा मला वाईट वाटते. त्याने धाडस केले होते.

मैल_उंच (डेन्व्हर)

निळावंती, रग्बीचा हा नियम माझ्या कधी डोक्यातच आला नव्हता. मनापासून आभार.

हिशेबनीस (न्यू जर्सी)

आतापर्यंतची चर्चा संघाच्या बाजूने चालली आहे. मी पैशांच्या बाजूने लिहितो, कारण "फुकटात मिळालेला मुलगा" हे शब्द धाग्याच्या सुरुवातीलाच आले आहेत आणि ते मला खटकले.

ड्राफ्टमध्ये निवडलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो आणि न निवडलेल्याचा तीन वर्षांचा. निवडलेल्याला पहिले तीन मोसम संपेपर्यंत करारात बदल मागता येत नाही, न निवडलेल्याला दोन. क्वार्टरबॅकला हे परवडते, कारण तो पस्तिशीपर्यंत सहज खेळतो. रनिंग बॅकच्या पायांतली उत्तम वर्षे मात्र बाविसाव्या-तेविसाव्या वर्षापासून मोजली तर चार-पाचच असतात, आणि ती नेमकी याच स्वस्त करारात खर्ची पडतात. मग मोठ्या कराराची वेळ आली की संघ म्हणतो, आता पाय थकले.

तुमच्याच डेन्व्हरचा फिलिप लिंडसी घ्या. तिथलाच मुलगा, कोलोरॅडो विद्यापीठात २०१७ मध्ये १,४७४ यार्ड काढलेला, पण उंची पाच फूट आठ इंच. ड्राफ्टपूर्वीच्या चाचणी मेळाव्याचे आमंत्रणसुद्धा त्याला आले नाही आणि सात फेऱ्यांत कोणी नाव घेतले नाही. त्याच वर्षी ब्रॉन्कोजने तिसऱ्या फेरीत ऑरेगनच्या रॉइस फ्रीमनला निवडले होते. २०१८ च्या पहिल्या सामन्यात दोघांनाही पंधरा-पंधरा वेळा चेंडू मिळाला आणि दोघांनीही एकाहत्तर-एकाहत्तर यार्ड काढले. मोसम संपला तेव्हा लिंडसीचे १,०३७ झाले होते आणि तो प्रो बोलसाठी, म्हणजे त्या वर्षीच्या निवडक उत्कृष्ट खेळाडूंत, निवडला गेला. आक्रमणात खेळणाऱ्या, ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या नवख्या खेळाडूला हा मान त्याआधी कधीच मिळाला नव्हता. दुसऱ्या वर्षी त्याने पुन्हा १,०११ काढले.

दोन मोसम झाले, म्हणजे नियमाप्रमाणे आता त्याचा करार वाढवता येत होता. त्या वसंतात, २०२० च्या मार्चमध्ये, संघाने मेल्विन गॉर्डनला दोन वर्षांसाठी १ कोटी ६० लाख डॉलरचा करार देऊन बाहेरून आणले, आणि लिंडसी आपल्या किमान वेतनाच्या करारावरच राहिला. त्या मोसमात तो दुखापतींनी बेजार झाला. २०२१ मध्ये संघाने त्याच्यापुढे ठेवलेला प्रस्ताव परस्पर संमतीने मागे घेतला आणि तो ह्यूस्टनला गेला. तिथून मायामी, मग इंडियानापोलिस. चार-पाच वर्षांत सगळे आटोपले. त्याच्या नावावरचे ते दोन हजारांहून अधिक यार्ड संघाला जवळजवळ फुकटात पडले, हे खरेच. पण त्याची किंमत त्याच्या शरीराने मोजली आणि मोबदला मिळायच्या वेळी दार बंद झाले. न पारखलेला मुलगा घेण्यात संघाला जोखीम नसते असे म्हणताना ती जोखीम कोणाच्या माथी गेली, एवढे तरी बोलले जावे.

आकडेमोड (ह्यूस्टन)

हिशेबनीस, आपला मुद्दा मला मान्य आहे, पण सॅक्वॉन बार्कली याला अपवाद ठरला हेही नोंदवावेसे वाटते. न्यूयॉर्क जायंट्सनी त्याच्याशी लांबचा करार केला नाही, २०२४ मध्ये तो फिलाडेल्फियात गेला, सातव्या मोसमात २,००५ यार्ड काढले आणि सुपर बोल जिंकला. पाय थकले असे ठरवणाऱ्यांनी तिथे घाई केली.

हिशेबनीस (न्यू जर्सी)

जायंट्सचे मैदान माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे, त्यामुळे ते वर्ष आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. पण बार्कली दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला खेळाडू होता. पहिल्या करारातच त्याच्या हाती एवढे पैसे आले होते की पुढच्याची वाट पाहणे त्याला जमले. लिंडसीसारख्याला ती सवड कुठून असणार?

फिजिओताई (डॅलस)

मी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामाचे काम करते, म्हणून दुखापतीबद्दल चार ओळी.

डेव्हिसच्या यार्डांबरोबर त्याच्या धावांची संख्याही द्यायला हवी होती. १९९७ च्या मोसमात ३६९ वेळा आणि १९९८ मध्ये ३९२ वेळा तो चेंडू घेऊन धावला, आणि बाद फेरीचे सामने यात धरलेले नाहीत. यातल्या बहुतेक धावा कोणी तरी अंगावर येऊन संपतात. १९९९ च्या चौथ्या सामन्यात, न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध, त्याच्या उजव्या गुडघ्याचे दोन अस्थिबंध फाटले, आणि ते चेंडू घेऊन धावताना फाटले नाहीत. ब्रॉन्कोजची फेक समोरच्याने झेलली, आणि तो झेलणारा पळू लागला तेव्हा त्याला पाडायला डेव्हिस धावला होता. त्यानंतर तो पूर्वीसारखा कधीच खेळू शकला नाही. मोसमातील सामने मोजले तर अवघे ७८, आणि तरीही २०१७ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

मैल_उंच दादा, म्हणूनच तुमच्या कसोटीबद्दल मला थोडी धास्ती वाटते. चेंडू हातात नसताना अंग झोकून देणारा मुलगा शोधा, असे आपण म्हणतो. तो तसाच असतो आणि म्हणून जखमीही तसाच होतो. माझ्याकडे शाळकरी मुले येतात. गेल्या वर्षी सतरा वर्षांचा एक रनिंग बॅक आला होता, एका बाजूचा अस्थिबंध ताणलेला. सहा आठवडे थांबायला सांगितले होते, पण त्याच्या प्रशिक्षकांकडे दुसरा मुलगा नव्हता म्हणून चौथ्या आठवड्यात त्याला मैदानात उतरवले, आणि दोन महिन्यांनी तो माझ्याकडे कुबड्या घेऊन परत आला. त्याच्या आईने मला विचारले की त्याने नाही का म्हटले नाही. मुले नाही म्हणत नाहीत. नाही म्हणणाऱ्याला संघात जागा नसते, हे त्यांना फार लवकर कळलेले असते.

चढाईबहाद्दर (सांगली)

ताई, हे वाचून आमच्या मंडळातली दोन पोरे डोळ्यांसमोर आली. गुडघ्याला पट्टा बांधून जिल्ह्याचा अंतिम सामना खेळली होती. तेव्हा आम्ही त्यांची पाठ थोपटली. आज थोपटली नसती.

मैल_उंच (डेन्व्हर)

फिजिओताई, दोन दिवस विचार करून उत्तर देतो आहे.

जेट्सविरुद्धचा तो सामना मी नंतर ध्वनिचित्रफितीत अनेकदा पाहिला आहे, पण टोकियोच्या टॅकलबरोबर तो शेजारी ठेवून पाहिला नव्हता. तुमची धास्ती रास्त आहे. तुमच्या आणि हिशेबनीस यांच्या प्रतिसादांनंतर मी माझे म्हणणे सुधारून मांडतो. चेंडू नसताना मुलगा काय करतो हे पाहूनच त्याला निवडावे, यावर मी अजून ठाम आहे. पण ज्या संघाने त्याला त्या गुणासाठी निवडले, त्यानेच त्या गुणाचा मोबदला वेळेवर द्यायला हवा. तिसऱ्या वर्षाची वाट न पाहता, पाय शाबूत असताना. लिंडसीला २०२० च्या वसंतात करार वाढवून मिळायला हवा होता. तो शाळेपासून आमच्या गावचा, त्याने डेव्हिसचा ३० क्रमांक डेव्हिसच्याच संमतीने अंगावर घातला होता, आणि पहिल्या मोसमात तो आईवडिलांच्याच घरी राहत होता. गॉर्डनवर खर्च केलेल्या रकमेचा चौथा हिस्सा जरी त्याला दिला असता तरी संघाच्या तिजोरीला ते जाणवले नसते.

डेव्हिसबद्दल एक गोष्ट राहिली. १९९८ च्या जानेवारीत सॅन दिएगोला, त्याच्याच गावी, ग्रीन बेविरुद्ध सुपर बोल होता. पहिल्या सत्रानंतर त्याची अर्धशिशी उठली आणि त्याला दिसेनासे झाले. चेंडू समोरच्या रेषेपासून एका यार्डावर होता. शानाहान यांनी त्याला सांगितले की तुला दिसायची गरज नाही, फक्त मैदानात जा, कारण तू तिथे नसशील तर आपण हूल देतो आहोत हे त्यांना कळेल. तो गेला, हातात काहीच नसताना ढिगाऱ्यात शिरला, बचाव करणारे त्याच्यामागे गेले आणि क्वार्टरबॅक जॉन एल्वे चेंडू घेऊन बाजूने आत गेला. उत्तरार्धात डेव्हिस परतला. एकूण १५७ यार्ड, तीन टचडाउन, सामनावीर, आणि ब्रॉन्कोज ३१-२४ ने पहिल्यांदा विजेते. लोकांना ते तीन टचडाउन आठवतात. मला ती एक यार्डाची हूल जास्त आठवते. आता मात्र ती आठवताना ताईंचा प्रश्नही आठवेल, की त्याला नाही म्हणता आले असते का?

नवा_भिडू (पुणे)

या धाग्यामुळे खेळ वेगळाच दिसू लागला. आता पहाटे उठलो की नेमके कोणाकडे पाहू, ते सांगाल का?

मैल_उंच (डेन्व्हर)

जलील मॅकलॉफ्लिनची गोष्ट वाचा. २०२३ मध्ये यंग्सटाउन स्टेटमधून आलेला, पाच फूट सात इंचांचा. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सगळ्या स्तरांत मिळून सर्वाधिक, ८,१६६ यार्ड त्याच्या नावावर होते. लहानपणी त्याच्या कुटुंबाला घर नव्हते, काही काळ ते गाडीत झोपत असत. एवढे यार्ड असूनही त्याला सात फेऱ्यांत कोणी घेतले नाही, आणि ब्रॉन्कोजने करारबद्ध केल्यावर तो शिबिरातून मुख्य संघात आला. त्याचे पहिल्या दोन मोसमांतले सामने मिळाले तर जरूर पाहा.

आणि कोणताही सामना असो, तिसऱ्या डावाला (चेंडू दहा यार्ड पुढे नेण्याच्या चार संधींपैकी तिसऱ्या संधीला), सात-आठ यार्ड हवे असताना, चेंडूकडे पाहू नका. क्वार्टरबॅकच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या हेल्मेटकडे पाहा. ते आधी डावीकडे वळते, मग उजवीकडे. तो येणाऱ्याला शोधत असतो.

फिजिओताई (डॅलस)

आणि धडक झाल्यावर तो उठताना कोणत्या पायावर भार देतो, तेही पाहा.

नवा_भिडू (पुणे)

पाहतो, ताई. या रविवारचा सामना पहाटे नसून रात्रीच आहे, साडेदहाचा गजर लावला आहे.